नामदार गोपाळ कृष्ण गोखले

तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं गोखल्यांच्या अंकगणितांतील उदाहरणें सोडवितांना किती मुलें रडकुंडीस आलीं असतील याची गणती नाहीं. तें पुस्तक रचणारा पुण्याचा शिक्षकच पुढें मोठ्या लाटसाहेबांच्या कायदेमंडळांत बसून हिंदुस्थान सरकारचे हिशेब तपासूं लागला.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या खेड्यांत झाला. ते तेरा वर्षांचे असतांनाच वडील वारले. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून कागल येथें 15 रुपयांची नोकरी धरली व त्यांतले 8 रुपये ते दरमहा धाकट्या भावास पाठवीत. उरलेल्या सातांत घर कसें चाललें असेल याचा विचार करावा! चरित्रकार गोविंदरावांस दोन ओळींत आटोपतात, पण आम्हांस तर त्यांची आठवण प्रथम होते. 1884 सालीं गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले व लौकरच पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं 1902 पर्यंत अध्यापन केलें. न्यायमूर्ति रानडे यांच्यापाशीं बसून सरकारी अहवाल कसे वाचावे, आंकडा कसा पडताळावा व अर्ज कसा लिहावा हें ते शिकले.

1897 सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां ते विलायतेस गेले. त्याच वेळीं पुण्यांत प्लेगचा कहर चालला होता. घरझडतीच्या वेळीं गोऱ्या सोजिरांनीं केलेल्या अत्याचारांविषयीं मित्रांचीं पत्रें त्यांस आलीं, व त्यांवर विसंबून त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांत ती हकीकत प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला, तेव्हां कोणीही पुढें येईना. गोखल्यांनीं मित्रांवर दोष न ढकलतां गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांची व सैनिकांची जाहीर माफी मागितली. लोकांनीं त्यांस भेकड ठरविलें. माफीचे शब्द जरुरीपेक्षां अधिक नमते होते असें आमचेंही मत आहे. परंतु जें सिद्ध करितां येत नाहीं तें परत घेणें यास भेकडपणा म्हणवत नाहीं. त्या दिवसापासून पुराव्यावांचून एक शब्दही बोलावयाचा नाहीं असा त्यांचा बाणा झाला.

1899 सालीं ते मुंबईच्या व 1902 सालीं वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झाले. त्या काळच्या सभासदास अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत देतां येत नसे. हातीं अधिकार नाहीं अशा ठिकाणीं शब्दांनींच काम करावयाचें होतें. पहिल्याच भाषणांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, खजिन्यांतील शिल्लक ही भरभराटीची खूण नसून रयतेवर लादलेल्या जादा करांचें फळ आहे. मिठावरील कराविरुद्ध ते वर्षानुवर्षें झगडले. मणास अडीच रुपये असलेला तो कर 1903 मध्यें दोन, 1905 मध्यें दीड व 1907 मध्यें एक रुपया झाला. हें यश एकट्या गोखल्यांचें नव्हे, तथापि त्यांत त्यांचा वांटा मोठा होता.

1905 सालीं भारत सेवक समाजाची स्थापना व काशीच्या काँग्रेसचें अध्यक्षपद, 1912 सालीं दक्षिण आफ्रिकेचा दौरा, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. शिक्षकाच्या दृष्टीनें मात्र सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे त्यांचें प्राथमिक शिक्षणाचें बिल. 16 मार्च 1911 रोजीं त्यांनीं तें मांडलें. मागणी किती माफक! जेथें बरींच मुलें आधींच शाळेंत जात आहेत, तेथील म्युनिसिपालिटीस वा लोकल बोर्डास वाटल्यास सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर शिक्षणाची सक्ति करितां यावी. आणि ज्या पालकाची मासिक प्राप्ति दहा रुपयांहून कमी, त्याजकडून फी घेऊं नये. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं याहून अधिक करून दाखविलें होतें. तरीही खर्चाच्या व अन्य सबबी पुढें आल्या, कांहीं देशी सभासदही विरुद्ध गेले, आणि 19 मार्च 1912 रोजीं 13 विरुद्ध 38 मतांनीं बिल फेंटाळलें गेलें. पराभव होणार हें त्यांस आधींच ठाऊक होतें. तरी भाषणाची तयारी त्यांनीं जिंकणाराच्या कसोशीनें केली होती. 1918 सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस सक्तीचा अधिकार मिळाला. सर्व देशांतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 सालीं झाला. मधल्या काळांत अक्षरशत्रु राहिलेल्या पिढ्यांचा हिशेब कोणत्या अंकगणितानें करावा?

मधुमेहानें पोखरलेलें शरीर विश्रांति मागत होतें, ती त्यांनीं दिली नाहीं. 1914 सालीं देऊं केलेला सर हा किताबही त्यांनीं नम्रपणें नाकारला. 19 फेब्रुवारी 1915 रोजीं पुण्यांत वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळक त्या वेळीं सिंहगडावर होते. जन्मभर ज्यांच्याशीं मतभेदाचा कडाका चालला, त्यांच्या मृत्यूची वार्ता ऐकतांच ते गड उतरून पुण्यास आले, आणि स्मशानांत जमलेल्या लोकांपुढें त्यांनीं गोखल्यांचा गौरव केला.