भांडवल कशास म्हणावे?

नोकर विश्वासू मिळत नाहीत म्हणून धंदा वाढत नाही, ही तक्रार आमच्या पेठेत नित्य कानी पडते. ती करणारांनी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र एकवार नजरेखालून घालावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

लक्ष्मणराव २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक असता बढती यांच्या हक्काची आणि जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. त्यांनी नोकरी सोडली व बेळगावास वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा धंदा चालविला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर त्यांनी केले. परंतु लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी नांगर कित्येक दिवस पडून राहिले. त्यात म्युनिसिपालिटीच्या योजनेत कारखान्याची जागाही गेली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तेथे त्यांनी माणसे कोणती जमविली, हे पाहण्यासारखे आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनियर म्हणून नावारूपास आले. परीक्षेत अपयश आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्था व विक्री पाहू लागले. आणि पहाऱ्यावर कोण? तर दरोड्याची शिक्षा झालेले तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग! वकिली करणारास हे विशेष जाणवते. शिक्षेची मुदत संपली तरी समाजाने ठोठावलेली शिक्षा संपत नाही. त्यातून १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केलेला. अशा काळात तिजोरीची राखण त्याच माणसांकडे सोपविणे म्हणजे सरकारच्या न्यायालाच उत्तर देणे होते. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही त्यांचा दंडक होता. जो मनुष्य गावात पाणवठ्यास शिवू शकत नसे, तो येथे इतरांच्या बरोबरीने कामास उभा राही. मग त्याचे हात झडझडून चालले यात नवल ते काय?

मालकाने वसविलेल्या वसाहतीत राहण्याचे घरही मालकाच्याच मर्जीवर असते, आणि मर्जी कितीही प्रेमळ असली तरी ती हक्काची जागा घेत नाही, हे आम्ही येथे नमूद करून ठेवितो. तथापि कामगारास चोर समजून धंदा चालविणारांनी तरी लक्ष्मणरावांस नावे ठेवू नयेत.

१९२० साली या कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. कुंडल रोड स्टेशनास पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.