सशाला शिंगं फुटतात तेव्हा : डॉ. रिचर्ड शोप



जी गोष्ट जगात असूच शकत नाही तिला आपल्याकडे 'शशशृंग' म्हणतात, म्हणजे सशाचं शिंग. मागे चौथीच्या वर्गात प्राण्यांचा पाठ चालू होता. एका मुलाने विचारलं, "बाई, शिंगवाला ससा खरा असतो का? दादाच्या मोबाईलवर फोटो आहे." सगळा वर्ग हसला. मीही हसून 'खोटा फोटो असेल' म्हणाले. घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझी चूक कबूल केली. शिंगवाले ससे असतात! फक्त ती शिंगं नसतात, तो आजार असतो. तो ज्यांनी उलगडला, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ.

रिचर्ड शोप यांचा जन्म २५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन गावी झाला. वडील डॉक्टर. आयोवा म्हणजे मका आणि डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. लहानपणापासून शेत, जनावरं, शिकार यांत रमलेला हा मुलगा १९२४ साली डॉक्टर झाला. पण दवाखाना टाकण्याऐवजी प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत प्राण्यांच्या रोगांवर काम करू लागला.

१९३१ साली त्यांनी दाखवून दिलं की डुकरांच्या तापामागे एक विषाणू आहे. माणसाच्या फ्लूचा विषाणू त्यानंतर दोन वर्षांनी, १९३३ मध्ये सापडला. स्वाइन फ्लू हे नाव आपण पुणेकर कसे विसरू? ऑगस्ट २००९ मध्ये देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या. तेव्हा मी शिकत होते. तोंडाला रुमाल बांधून फिरायचो आम्ही. या रोगाच्या अभ्यासाची सुरुवात ज्यांनी केली ते हेच शोप, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता सशांकडे येऊ. प्रिन्स्टनजवळ शोप यांना एक रानससा मिळाला, त्याच्या कातडीखाली गाठी होत्या. त्यांनी गाठी वाटल्या आणि ते पाणी अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळलं. आपल्या घरच्या पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल असते ना, तसाच प्रकार. जिवाणू त्यात अडकतात, विषाणू मात्र पार होतात. गाळलेलं पाणी निरोगी सशांना टोचलं, तर त्यांनाही गाठी आल्या. म्हणजे कारण जिवाणूहून लहान होतं. हा १९३२ चा 'फायब्रोमा' विषाणू.

मग शिंगांची पाळी. अमेरिकेच्या मध्यभागातले शिकारी शिंगवाल्या सशांच्या गोष्टी सांगायचे. लोक ते ऐकून सोडून देत. शोप यांनी तसं केलं नाही, ती 'शिंगं' मागवून घेतली. पाहतात तर ती कडक, काळपट चामखिळींची वाढ होती. पुन्हा वाटणं, गाळणं, आणि खरवडलेल्या कातडीवर चोळणं. नव्या सशांना चामखिळी आल्या. हा 'पॅपिलोमा' विषाणू १९३३ मध्ये जाहीर झाला.

वर्गीकरण शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. त्या काळी विषाणू डोळ्यांना दिसत नव्हता, मग त्यांचं नातं कसं ठरवायचं? सशांना एक जीवघेणा रोग होतो, मिक्झोमा. तो सानारेली या शास्त्रज्ञांना १८९६ मध्ये दक्षिण अमेरिकेत आढळला होता. फायब्रोमातून बरा झालेला ससा मिक्झोमा टोचला तरी वाचतो, हे शोप यांना दिसलं. म्हणजे एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. हे दोघे जवळचे नातेवाईक. पॅपिलोमाशी मात्र त्यांचं असं नातं निघालं नाही. एक रोग साध्या गाठींचा, दुसरा जीव घेणारा, तरी घराणं एक. आणि गाठीसारखीच दिसणारी चामखीळ मात्र परक्या घरची! आज पहिले दोघे देवीच्या विषाणूच्या मोठ्या कुळात 'लेपोरिपॉक्स' या गटात आहेत. लॅटिनमध्ये 'लेपस' म्हणजे ससा.

नावांचा आणखी एक घोळ आपल्या भाषेतही आहे. आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो. पण मुळशीच्या डोंगरात दिसणारा रानससा बिळं करत नाही, त्याची पिल्लं केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव ससा बिळं करणाऱ्या युरोपी जातीचा. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. विषाणूंना हा फरक बरोबर कळतो. मिक्झोमा पाळीव सशाला मारतो, रानसशांना सहसा फारसं काही करत नाही.

शोप यांचा मोठेपणा पुढे दिसतो. आपला पॅपिलोमा विषाणू त्यांनी पेटन राउस या सहकाऱ्यांना मोकळ्या मनाने देऊन टाकला. त्या चामखिळींचा पुढे कर्करोग होऊ शकतो, हे राउस यांनी दाखवलं. विषाणूमुळे कर्करोग होतो हे तेव्हा फार कमी लोकांना पटत होतं. दुसऱ्या महायुद्धात शोप यांनी कॅनडातल्या ग्रोस आइल बेटावर गुरांच्या बुळकांडी रोगावरच्या लशीचं काम केलं. बुळकांडी म्हणजे काय, हे आपल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा. तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं.

२ ऑक्टोबर १९६६ रोजी शोप गेले. त्याच वर्षी डिसेंबरात राउस यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मॉस्कोत विषाणूंची नावं व वर्गवारी ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

हे सगळं का लिहिलं? पालकसभेत एका आईने मला हळूच विचारलं, "बाई, मुलींना ती गर्भाशयाच्या कर्करोगाची लस द्यायची का? भीती वाटते." गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्यामुळे होतो, तो माणसातला पॅपिलोमा विषाणू शोप यांच्या विषाणूचाच नातेवाईक आहे. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याचं रिकामं कवच असतं. अशाच कवचाने ससे सुरक्षित राहतात, हे १९९५ मध्ये सशांवर तपासलं गेलं. अशी लस आता आपल्या पुण्यातही तयार होते. ९ ते १४ हे वय त्यासाठी योग्य मानतात. त्या आईला मी हेच सांगितलं, आणि डॉक्टरांशी बोलायला पाठवलं.

त्या मुलाच्या प्रश्नावर मी हसले होते. शिकाऱ्यांच्या गोष्टीवर शोपही हसले असते तर? वर्गात पुढच्या वेळी असा प्रश्न आला की एवढंच म्हणूया, "चल, शोधून पाहू."