मानवतेचा सेवक : वाल्देमार हाफकिन

2020 साली कोरोनाची साथ आली आणि इस्पितळांना आपली जुनी रीत बदलणे भाग पडले. दुभंगलेला ओठ सांधून घेण्यासाठी किंवा भाजलेल्या अंगावर कातडी बसवून घेण्यासाठी थांबलेल्या अनेकांच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. साथीच्या दिवसांत वैद्यकाने स्वतःला कसे बदलावे आणि लोकांचा विश्वास कसा मिळवावा, याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत एका परदेशी शास्त्रज्ञाने घालून दिला होता. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलावा लागेल, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि 1892 साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आपल्याच अंगात टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुषीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली.

त्या काळी घरोघर झडत्या घेऊन रोग्यांना सक्तीने हलविले जाई. पडदानशीन स्त्रियांचीही तपासणी होई, म्हणून लोक बिथरले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांत दंगल उसळली. याच शहरात विशीतले आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. त्यांचे पाहून खोजा जमातीतील हजारो लोक पुढे आले. धाकाने जे साधले नाही, ते स्वतःच्या उदाहरणाने साधले.

1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुराव्यात आले होते. तरीही त्यांच्यावरील डाग 1907 साली पुसला गेला. औषध कितीही उत्तम असले तरी हाताची स्वच्छता चुकली की जीव जातो, हे प्रत्येक शल्यचिकित्सकाने व परिचारिकेने ध्यानी ठेवावे.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली लोझान येथे ते निवर्तले. अविवाहित हाफकिन यांनी आपली पुंजी यहुदी धर्मपाठशाळांसाठी ठेवली; तेथे धर्मशिक्षणाबरोबर विज्ञान आणि हस्तव्यवसायही शिकविले जावेत, अशी त्यांची इच्छा होती.

यहुदी शास्त्रज्ञ, ख्रिस्ती डॉक्टर आणि मुसलमान पुढारी यांच्या हातून मुंबईत हे कार्य घडले. देवगाव फाट्यावरून एस. टी. धरून शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी दीन आणि दुनिया या दोहोंचे इल्म सोबत घ्यावे, हाच या चरित्राचा बोध होय.