हुसारांचा सेनानी झीटेन

इतिहासाच्या तासाला फ्रेडरिक द ग्रेट सर्वांना भेटतो. परंतु त्याचा घोडदळ सेनापती हान्स योआखिम फॉन झीटेन पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो. मला मात्र राजापेक्षा हा सेवकच अधिक जवळचा वाटतो.

झीटेनचा जन्म 1699 साली ब्रांडेनबुर्गमधील वुस्ट्राऊ या खेड्यात झाला. घराणे सरदारांचे, पण परिस्थिती बेताची. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो पायदळात दाखल झाला. अंगाने किरकोळ, उंचीने ठेंगणा, आवाज बारीक! त्या काळी प्रशियात धिप्पाड शिपायांचे मोठे कौतुक. बढतीत सतत डावलले गेल्याने 1724 मध्ये त्याने नोकरी सोडली. पुढे तो घोडदळात शिरला. तेथे वरिष्ठाशी भांडण झाले, किल्ल्यात कैद भोगावी लागली आणि अखेर तो बडतर्फ झाला.

1730 मध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली ती हुसारांच्या नव्या तुकडीत. हुसार म्हणजे मूळचे हंगेरीतले हलके घोडेस्वार. टेहळणी करणे, शत्रूची रसद तोडणे, अचानक छापा घालणे ही त्यांची कामे. येथे उंचीपेक्षा चपळाईला मोल होते. 1735 च्या ऱ्हाईनवरील मोहिमेत ऑस्ट्रियाच्या बाजूचा हुसार सेनानी बारान्याय याच्या हाताखाली तो ही विद्या शिकला. 1741 मध्ये रोटश्लॉस येथे त्याने याच गुरूचा पराभव केला! त्याच वर्षी तो हुसार रेजिमेंटचा प्रमुख झाला.

1745 मध्ये एक तातडीचा हुकूम शत्रूच्या पलीकडे असलेल्या प्रशियन सैन्याला पोहोचवायचा होता. झीटेन आपली रेजिमेंट घेऊन ऑस्ट्रियन फौजेच्या मधूनच निघाला. पोशाखाच्या साम्यामुळे शत्रू बराच वेळ गाफील राहिला आणि हुकूम पोहोचला. 3 नोव्हेंबर 1760 रोजी टोर्गाऊच्या लढाईत, राजाचे हल्ले फसलेले असताना, संध्याकाळी झ्यूप्टिट्झच्या टेकड्या जिंकून त्याने पारडे फिरवले.

अर्थात दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सायलेशिया हा प्रांत फ्रेडरिकने ऑस्ट्रियाकडून बळकावला होता. त्यापायी हजारो माणसे मेली. शिवाय झीटेनला दुसरी संधी मिळाली त्यात त्याच्या कुळाचाही वाटा असणार. अधिकारपदे प्रामुख्याने सरदारांच्या मुलांसाठी होती. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला बडतर्फीनंतर कोणी परत बोलावले असते, असे मला वाटत नाही. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या मापाने त्याला मोजले, ते मापच अपुरे होते. माप बदलले तेव्हा माणूस दिसला. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हातारपणी झीटेन दरबारात आला असता राजाने त्याच्यासाठी खुर्ची मागवली आणि स्वतः उभा राहिला. खोदोवेत्स्की या चित्रकाराने हा प्रसंग चितारला आहे. 26 जानेवारी 1786 रोजी झीटेन वारला. त्याचे नाव धारण करणारी हुसार रेजिमेंट पहिल्या महायुद्धानंतर बरखास्त झाली. रणांगणावरचे विजय आज कुणाच्या फारसे लक्षात नाहीत. पण बसलेला सेवक आणि उभा राजा हे चित्र विसरता येत नाही.