रामकृष्ण गोपाळ भांडारकर : साक्षीपुरावा आणि निःपक्षपात

रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांचा जन्म मालवणचा. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात व नंतर पुण्यास डेक्कन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. परंतु त्यांचे खरे चरित्र पुरावा तपासण्याच्या त्यांच्या रीतीत आहे. संशोधकाने वकिलाप्रमाणे नव्हे, तर न्यायाधीशाप्रमाणे साक्षी पारखाव्यात. स्वदेशगौरवाचा मोह आणि स्वदेशाविषयीचा आकस हे दोन्ही सारखेच त्याज्य, अशी त्यांची धारणा होती.

पतंजलीच्या कालनिर्णयात ही रीत कसोटीस लागली. जर्मन पंडित वेबर यांनी महाभाष्यकाराला इसवी सनाच्या आरंभाजवळ आणून ठेवले होते. भांडारकरांनी १८७२ मध्ये उत्तर दिले ते व्याकरणाच्याच आधारे. आरंभ होऊन न संपलेल्या क्रियेला वर्तमानकाळ लागतो, हे सांगताना पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण देतो. अर्थात तो यज्ञ त्याच्या हयातीत चालू असला पाहिजे. यावरून ते इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत गेले आणि तेथेच थांबले. ग्रंथ जितका प्राचीन तितका गौरव अधिक, असे मानणाऱ्यांचे एवढ्याने समाधान होणे कठीणच.

१८८४ मधील दक्षिणेच्या प्राचीन इतिहासात त्यांनी पुराणकथांहून ताम्रपट व शिलालेखांना अधिक मान दिला. बंगळूरच्या हेब्बाळ येथे २०१८ मध्ये उजेडात आलेला, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील किट्टय्याचा कानडी लेख त्यांना पाहावयास मिळाला असता, तर त्याचीही त्यांनी अशीच उलटतपासणी घेतली असती!

१८९१ च्या संमतिवयाच्या वादात मात्र प्रश्न बिकट होता. धर्मशास्त्राधारे त्यांनी सुधारणेची बाजू मांडली. टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयावर आक्षेप घेतला. येथे पंडिताचा निष्कर्ष आणि प्रार्थनासमाजी सुधारकाची इच्छा एकाच दिशेला होती, म्हणून त्यांच्या निःपक्षपाताचा दाखला या प्रकरणातून काढता येत नाही. तो काढावयाचा तर १९१३ च्या वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथाकडे वळावे. बाळकृष्णाची उपासना आभीरांबरोबर आली आणि तीत ख्रिस्तकथेचा अंश मिसळला असावा, असा तर्क त्यांनी तेथे केला. प्रस्तुत लेखकास हा तर्क पुराव्याच्या फार पुढे गेलेला वाटतो. पण स्वजनांच्या प्रीतीसाठी तो खचित केलेला नव्हता.

१९१७ मध्ये पुण्यास त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. तेथे सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, हस्तलिखितांचा पुरेसा आधार न मिळाल्यामुळे, गणपती व्यासांचा लेखक झाल्याची लोकप्रिय कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवण्यात आली.