पेशींचे हात ओळखणारे एर्लिख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील कारखाने कोळशाच्या डांबरापासून नवनवे रंग तयार करू लागले. ते मुख्यतः कापडासाठी होते. ब्रेस्लाऊच्या विद्यापीठातील एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर मात्र याच रंगांचे डाग पडलेले असत. पॉल एर्लिख हा तो विद्यार्थी. 14 मार्च 1854 रोजी प्रशियातील श्ट्रेलेन या गावी, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातील कार्ल वायगर्ट यांनी ऊतींना रंग देण्याची विद्या त्यांना दाखविली आणि तिचा नाद त्यांना जन्मभर पुरला.

इतरांना रंग हे दिसण्याचे साधन होते. एर्लिख यांना निराळाच प्रश्न पडे : हा रंग याच कणाला का धरतो, शेजारच्याला का सोडतो? 1878 साली लाइपझिगला सादर केलेल्या प्रबंधाचा विषयही ऊतींचे रंजन हाच होता. त्यात त्यांनी मास्ट पेशींची ओळख करून दिली.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिक्स यांच्या हाताखाली त्यांना हवे तसे काम करण्याची मोकळीक मिळाली. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, उष्णतेने तो पक्का करायचा आणि मग रंग द्यायचा, अशी त्यांची रीत होती. तोवर पांढऱ्या पेशी बव्हंशी एकसारख्याच भासत. आम्लधर्मी इओसिन घेणारे कण, आम्लारीधर्मी रंग घेणारे कण आणि उदासीन मिश्रणाने रंगणारे कण असे त्यांचे वर्ग एर्लिख यांनी पाडले. आपल्या रक्ततपासणीच्या अहवालात इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल असे जे रकाने असतात, ते या वर्गीकरणातून आले. 

1888 साली त्यांनी एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. तिला तीव्र रक्तक्षय झाला होता आणि शवविच्छेदनात हाडांच्या पोकळीत लाल मज्जेच्या जागी चरबी आढळली. रक्त वाहून गेले नव्हते; ते तयारच होईनासे झाले होते. ॲप्लास्टिक ॲनिमिया या विकाराचे हे पहिले वर्णन मानतात. मज्जेतील रक्तजनक पेशी का थांबतात, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते.

त्याच सुमारास एर्लिख यांना क्षयाने गाठले आणि हवापालटासाठी ते इजिप्तला गेले. परतल्यावर रॉबर्ट कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली. घटसर्पावरील रक्तजलाची मात्रा अचूक ठरविण्याचे रूक्ष काम त्यांच्याकडे आले आणि त्यातूनच त्यांची सर्वांत धाडसी कल्पना आकारास आली. 1897 साली त्यांनी मांडले की, पेशीच्या अंगावर पार्श्वशृंखला, म्हणजे जणू लहान लहान हात असतात. ते मुळात अन्नद्रव्य पकडण्यासाठी असतात. विष नेमके त्यांनाच येऊन चिकटते. मग पेशी असे हात प्रमाणाबाहेर निर्माण करते आणि ते तुटून रक्तात येतात, तेच प्रतिपिंड. 1900 साली या हातांना त्यांनी रिसेप्टर हे नाव दिले. मराठीत त्याला ग्राही म्हणतात.

ग्राही त्यांनी पाहिला नव्हता. त्याच्या आकृत्या मात्र ते हाती येईल त्या कागदावर काढीत. विरोधकांना त्या आकृत्या पोरकट वाटत. तपशिलात विरोधक अगदीच चूक नव्हते, कारण विषाचा स्पर्श झालेली कोणतीही पेशी प्रतिपिंड बनवीत नाही. ते काम बी-पेशींच्या वंशाचे. परंतु त्या बी-पेशी आपला प्रतिपिंड खरोखरच ग्राही म्हणून अंगावर वागवितात. 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह मिळाले. सहाचिरो हाता यांच्या साहाय्याने शोधलेले उपदंशावरील साल्व्हर्सान त्यांना जगभर कीर्ती देऊन गेले; त्याची कथा वारंवार सांगितली जाते, म्हणून येथे एवढेच पुरे. 20 ऑगस्ट 1915 रोजी बाड होम्बुर्ग येथे ते निवर्तले. पुढे नाझी राजवटीने फ्रांकफुर्टच्या रस्त्यावरील त्यांचे नाव पुसले. युद्धानंतर ते परत आले.

पेशी अन्नाप्रमाणेच संदेशही ग्राहींनी पकडते, हे विज्ञानाला नंतर कळले. मज्जेतील रक्तजनक पेशी जगाव्यात, वाढाव्यात, यासाठी एरिथ्रोपोएटिन, थ्रोम्बोपोएटिन यांसारखे वृद्धिघटक लागतात आणि त्यांचे ग्राही ज्या पेशीवर असतील तीच प्रतिसाद देते. हे ग्राही शोधण्यासाठी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात आणि पेशी एकामागून एक लेसरच्या झोतातून नेतात. ज्या पेशीवर ग्राही असेल ती उजळते. या कामी नेहमी वापरला जाणारा एक रंग फ्लुओरेसीनपासून बनतो. तेच फ्लुओरेसीन एर्लिख यांनी 1882 साली प्राण्यांना टोचून डोळ्यातील द्रवाचा प्रवाह पाहिला होता.

काम दिसते तितके सोपे नाही. एरिथ्रोपोएटिनचे ग्राही एका पेशीवर बहुधा हजाराच्या आतच असतात, त्यामुळे उजेड क्षीण पडतो. बाजारातील काही प्रतिपिंड तर भलत्याच प्रथिनाला चिकटत आणि त्यावरून चुकीचे निष्कर्ष निघाले. म्हणून प्रयोगशाळेत ग्राही नसलेल्या पेशीही मुद्दाम सोबत तपासतात. थ्रोम्बोपोएटिनचा ग्राही मात्र रक्ताच्या मूलपेशींवर निःसंशय सापडला. त्याला चेतविणारे एल्ट्रोम्बोपॅग हे औषध आज ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांना दिले जाते आणि काहींच्या मज्जेत रक्त पुन्हा तयार होऊ लागते.