मतदानाला शिक्षणाची अट का नाही? बाबासाहेबांनी घेतलेली भूमिका

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. मतदानासाठी लिहिता-वाचता येण्याची अट असती, तर आदिवासीबहुल नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यासारख्या गावांत अनेकांना मतच देता आलं नसतं. ही अट नाही, यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा आहे.

१८९१ मध्ये महू इथे जन्मलेल्या बाबासाहेबांना शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळं बसवलं जायचं. पुढे कोलंबिया आणि लंडनमधून त्यांनी डॉक्टरेट मिळवल्या. पण मताचा हक्क त्यांनी शिक्षणाशी जोडला नाही. सायमन कमिशनसोबत काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य असताना, १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल देऊन त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला नव्हे, असं त्यांनी त्यात मांडलं.

तरीही १९३५ च्या कायद्यात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी राहिल्या. त्या संपवल्या संविधानाच्या कलम ३२६ ने. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी होती; नाव वाचता येण्याची गरजच नव्हती. त्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून पराभूत झाले. १९५६ मध्ये त्यांचं निधन झालं. कलम ३२६ मध्ये शिक्षणाची अट आजही नाही.